पंडिता रमाबाई आणि केडगावचे कृपासदन : मनाच्या जखमेला नाव मिळण्याआधीचे उपचार

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात माझा दवाखाना आहे. ताप, खोकला, बीपी, शुगर हे रोजचे काम. पण अधूनमधून एखादी रुग्ण अशी येते की तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल असतात आणि तरीही तिला बरे नसते. रात्री दचकून जाग येते, छाती धडधडते, मागून कोणी हाक मारली तरी अंगाला घाम फुटतो. ईसीजी झालेला असतो, थायरॉइड तपासलेले असते, घरच्यांनी नजरही उतरवलेली असते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत अशाच एका बाईला मी तीनदा झोपेच्या गोळ्या लिहून घरी पाठवले होते. चौथ्यांदा ती आली तेव्हा बाहेर कोणी नव्हते. मी खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढून तिच्याशेजारी बसले आणि पहिल्यांदाच तिला बोलायला वेळ दिला. तिने सांगितले ते इथे लिहिणार नाही. पण तिला झोपेच्या गोळीची गरज नव्हती, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर लैंगिक अत्याचार आणि त्यातून होणारा मानसिक आघात या विषयावर मी जमेल तेवढे वाचले. त्या वाचनात पंडिता रमाबाई पुन्हा भेटल्या. शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई म्हणजे संस्कृतच्या विदुषी. पण ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले आहेत अशा स्त्रियांसाठी त्यांनी केडगावला स्वतंत्र घर उभे केले होते, हे फारसे सांगितले जात नाही. रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना ही हकिकत उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून लिहिते आहे.

दुष्काळात गेलेले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला आणि ते रानात आश्रम बांधून राहिले. पुढे ते घरही राहिले नाही. सगळे कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटन करत फिरू लागले. लहानग्या रमेला संस्कृत शिकवले ते आई लक्ष्मीबाईंनी, या प्रवासातच.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण तिघेही गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी, बहुतेक पायी, उत्तरेकडे फिरत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेरचा विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी होती.

शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे निदान कोणी करू नये, मीही करणार नाही. पण हा सगळा इतिहास आज एखाद्या रुग्णाने सांगितला तर मी पेन खाली ठेवून ऐकेन.

डॉक्टर व्हायचे होते

१८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. स्त्रिया आपले दुखणे पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत आणि त्यापायी जीव गमावतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या, अशी मागणी त्यांनी केली. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक बाईने त्यांचे ऋण मानावे असे मला वाटते.

१८८३ मध्ये त्या स्वतःच डॉक्टर व्हायला इंग्लंडला निघाल्या. बरोबर मनोरमा होती आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. पण रमाबाईंना ऐकू कमी येत होते. त्या कारणाने वैद्यकीय शिक्षणाचा रस्ता बंद झाला.

वाँटेजला, जिथे त्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या होत्या, तिथे आणखी एक आघात झाला. आपल्याला सक्तीने ख्रिस्ती करतील या भीतीने आनंदीबाईंचे मन बिघडत गेले. एका रात्री त्यांनी रमाबाईंवरच हल्ला केला आणि त्यानंतर लवकरच स्वतःचे आयुष्य संपवले. ऑक्सफर्डचे प्राध्यापक मॅक्स म्युलर यांनी लिहून ठेवले आहे की या प्रसंगानंतर रमाबाई त्यांच्या घरी राहायला आल्या तेव्हा इतक्या खचलेल्या होत्या की रोज रात्री त्यांच्या खोलीत सोबतीला एका मोलकरणीला झोपवावे लागे.

हा तपशील मी रुग्णांना मुद्दाम सांगते. दुष्काळ पायी तुडवलेली, भर सभेत पंडितांना उत्तरे देणारी ही बाई रात्री एकटी झोपू शकत नव्हती. आघातानंतर झोप उडणे हा मनाचा कमकुवतपणा नाही. धोका टळला आहे हे मेंदूला अजून पटलेले नसते, म्हणून तो पहारा देत राहतो. आणि त्या घरातल्या माणसांनी काय केले तेही पाहा. त्यांनी उपदेश केल्याचे कुठे दिसत नाही. रात्रीची सोबत दिली.

फुलहॅम, फिलाडेल्फिया, बॉस्टन

१८८३ च्या सप्टेंबरात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात त्यावरून गदारोळ झाला आणि त्याचे पडसाद पुढे आयुष्यभर उमटत राहिले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र लंडनच्या फुलहॅम भागातली आहे. मठाच्या भगिनी तिथे ज्यांना त्या काळी पतित म्हणत अशा स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवत होत्या. समाजाने बाहेर टाकलेल्या या बायकांशी कोणी प्रेमाने वागते आहे, त्यांच्या हाताला काम देते आहे, हे रमाबाईंनी प्रथम तिथे पाहिले. आपल्याकडे अशा स्त्रीला दोष लावून घराबाहेर काढण्याचीच रीत त्यांनी पाहिली होती. याला एक मोठा अपवाद होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्येच पुण्यात फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फुलहॅममध्ये पाहिलेले रमाबाई विसरल्या नाहीत, पण ते प्रत्यक्षात यायला पंधराएक वर्षे जावी लागली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत दोनेक वर्षे राहिल्या. तिथे त्यांनी बालवाडीचे शिक्षण घेतले, हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन शहरात त्यांच्या कामाला पैसे पुरवणारी संस्था स्थापन झाली. बॉस्टनचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हलले. गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे, या तिथल्या पहिल्यावहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. इथे बालविधवा शिकत, शिक्षिका होत.

केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या. तिथली दुष्काळी कामे आणि अन्नछत्रे पाहून त्या हादरल्या. भुकेपेक्षा त्यांना जास्त हादरवले ते तिथल्या तरुण मुलींच्या स्थितीने. ज्यांच्या हातात धान्य होते अशी काही माणसे त्याच्या बदल्यात मुलींचे शोषण करत होती. दलाल मुली उचलून नेत होते. त्याआधीच्या काळात त्या साध्या यात्रेकरूच्या वेशात वृंदावनलाही जाऊन आल्या होत्या, आणि देवाच्या दारी सोडलेल्या तरुण विधवांचे काय होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मध्य प्रांतातून काही महिन्यांत त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया आणल्या.

पुण्यात त्याच वेळी प्लेग होता. एवढ्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. याच काळात, १८९७ मध्ये, रमाबाईंनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या व्यवस्थेवर जाहीर टीका केली. त्यांच्या सदनातली एक मुलगी तिथे नेल्यावर तिच्या बाबतीत गैरप्रकार झाला, असा त्यांचा आरोप होता. सरकारने तो नाकारला. पण जिथे बरे व्हायला पाठवले तिथेच मुलगी सुरक्षित नसेल तर काय, हा प्रश्न त्यांनी नावानिशी विचारला, तोही सरकारकडून त्रास होऊ शकत असताना.

१८९८ मध्ये केडगावला मुक्तिसदनाची पक्की इमारत झाली. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. आणि ज्या मुली-स्त्रियांवर लैंगिक अत्याचार झाले होते, ज्यांना वाममार्गाला लावले गेले होते, त्यांच्यासाठी शेजारी वेगळे कृपासदन सुरू झाले.

तिथे उपचार म्हणून काय होते? पहिली गोष्ट भिंत आणि दार. ज्याच्या हाती ती सापडली होती त्याला आत येता येणार नाही. दुसरी, पोटभर जेवण आणि आजारावर औषध. तिसरी, आधी शारदासदनात शिकलेल्या विधवा आता शिक्षिका आणि सांभाळणाऱ्या झाल्या होत्या. त्या नव्या मुलींच्या छोट्या गटांची काळजी घेत. जी स्वतः टाकून दिली गेली होती तीच पुढच्या मुलीचे केस विंचरत होती, असे चित्र माझ्या डोळ्यापुढे येते. शिवाय शेती, विणकाम, तेलघाणी, दूधदुभते, छापखाना अशी कामे होती. आपण कमावू शकतो, उद्या काय करायचे हे आपल्याला ठरवता येते, हे ज्या स्त्रीकडून हिसकावून घेतले गेले आहे तिला काम देणे म्हणजे नुसता विरंगुळा नसतो.

टीका करायची जागाही आहे, ती टाळून चालणार नाही. केडगावचे वातावरण पूर्णपणे ख्रिस्ती होते आणि आलेल्या बहुतेक मुली त्या धर्मात गेल्या. जिला दुसरा आसरा नाही तिच्या होकाराला किती अर्थ असतो, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. आज आम्हाला शिकवतात की मदतीच्या बदल्यात काहीही मागू नये, पोलिसात तक्रार करण्याची अटसुद्धा घालू नये. स्त्रियांना वेगळ्या घरात ठेवण्यातही डाग वेगळा काढल्यासारखे काही होतेच.

रमाबाईंच्या मनाबद्दल आणखी एक गोष्ट. आईवडिलांच्या मृत्यूनंतर वीसएक वर्षांनी, मध्य प्रांतातून परतल्यावर, त्यांनी आपल्या कुटुंबाच्या दुष्काळातल्या हालअपेष्टा सविस्तर लिहून काढल्या. का लिहिल्या असतील, हे उघड आहे. मदत मिळवायची होती. पण डॉक्टर म्हणून वाचताना मला त्यात आणखी काही दिसते. जे आठवायचे टाळावे असे वाटते ते त्यांनी क्रमाने, नावे घेऊन, कागदावर आणले.

पुढे १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्यांच्यानंतर संस्था सांभाळेल अशी मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये गेली. बायबलचा मराठी अनुवाद हातावेगळा करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावची संस्था अजून चालू आहे.

नंतर काय कळले

रमाबाईंच्या संस्थेला पैसे पुरवणाऱ्या बॉस्टनमध्येच, १९७४ मध्ये, अॅन बर्जेस या परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ यांनी एका सरकारी रुग्णालयात वर्षभर बसून बलात्कारानंतर आलेल्या स्त्रियांशी बोलून जे दिसले ते प्रसिद्ध केले. भीती, दचकणे, दुःस्वप्ने, अंगदुखी, जागा टाळणे. वेगवेगळ्या स्त्रियांमध्ये तीच लक्षणे. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत या अवस्थेला नाव मिळाले, पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार. प्रसंग नको असताना डोळ्यापुढे येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, स्वतःला दोष देणे किंवा मन बधिर होणे, आणि सतत सावध, चिडचिडे राहणे, हे एक महिन्यापेक्षा जास्त टिकले आणि रोजचे जगणे अडू लागले की हा आजार म्हणतात.

१९९२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात ९५ स्त्रियांना घटनेनंतर दर आठवड्याला भेटले गेले. सुमारे दोन आठवड्यांनी ९४ टक्के जणींना ही लक्षणे होती. तीन महिन्यांनी ४७ टक्क्यांना होती. म्हणजे सुरुवातीचा त्रास जवळजवळ सगळ्यांना होतो आणि निम्म्या जणी विशेष उपचाराशिवाय सावरतात. उरलेल्या निम्म्या सावरत नाहीत, आणि त्यांना काळ हेच औषध असे सांगून घरी बसवणे चुकीचे आहे.

या उरलेल्यांसाठी केडगावला जे नव्हते ते आज आहे. प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर, सुरक्षित खोलीत, ठरावीक बैठकांमध्ये त्या आठवणीकडे पुन्हा वळणे. एडना फोआ यांच्या पद्धतीत प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला जातो, म्हणजे ती आठवण हळूहळू आठवणच राहते, चालू असलेला धोका राहत नाही. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत, माझीच चूक होती, आता कोणावरच विश्वास ठेवता येणार नाही, अशा मनात रुतलेल्या समजुती तपासल्या जातात. २००२ मध्ये १७१ स्त्रियांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. दोन्ही उपयोगी ठरल्या, आणि त्या स्त्रियांना पाच ते दहा वर्षांनी पुन्हा भेटले तेव्हाही बहुतेकींचा फायदा टिकून होता. उपचार साधारण बारा बैठकांचा असतो. गरज पडली तर सर्ट्रालीनसारखी औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात. झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या या आजारावर उपचार नाहीत. मी तीनदा लिहिल्या होत्या त्या याच.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला काँगो देशातला अभ्यास. युद्धात लैंगिक अत्याचार झालेल्या खेड्यांतल्या स्त्रियांना गावपातळीवरच्या, फारसे शिक्षण नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्त्री कार्यकर्त्यांनी गटात रेसिक यांची पद्धत शिकवली. दुसऱ्या बाजूला काही गावांत नुसता वैयक्तिक आधार दिला. सहा महिन्यांनंतर उपचार गटात ९ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य किंवा चिंतेचा आजार असण्याची शक्यता उरली होती, आधार गटात ४२ टक्के. पीटीएसडीचेही तसेच. केडगावच्या सांभाळणाऱ्या बायकांच्या हाती हे तंत्र असते तर, असा विचार हा अभ्यास वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही. आधाराने फरक पडतो, पण नुसत्या आधारावर अनेक जणी अडकून राहतात.

घरच्यांसाठी

तुमच्या घरातल्या मुलीने, बहिणीने, बायकोने असे काही सांगितले तर आधी ऐका. ओरडली का नाहीस, असे विचारू नका. २०१७ मध्ये स्टॉकहोममधल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यात सत्तर टक्के जणींचे शरीर अत्याचाराच्या वेळी गोठल्यासारखे झाले होते. हालचाल करता येत नाही, आवाज फुटत नाही. ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे, होकार नव्हे. सगळे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. सांगायची जागा आणि वेळ तिने ठरवावी. आणि विसरून जा म्हणू नका, कारण टाळत राहण्यानेच हा आजार टिकतो.

घटना नुकतीच झाली असेल तर रुग्णालयात लवकर जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितके बरे. गर्भधारणा टाळण्याची गोळीही पाच दिवसांच्या आत, पण शक्य तितक्या लवकर घ्यायची असते. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला हे उपचार मोफत आणि तातडीने देणे कायद्याने बंधनकारक आहे. आधी एफआयआर आणा, असे सांगून परत पाठवता येत नाही. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर मात्र पोलिसांना कळवणे डॉक्टरलाही सक्तीचे आहे, हे आधीच माहीत असू द्या. महाराष्ट्र सरकारच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

घटनेला वर्षे झाली असली तरी उपचार लागू पडतात. वरसे-रोह्यासारख्या ठिकाणाहून मानसोपचारतज्ज्ञाकडे दर आठवड्याला जाणे सोपे नाही, बसभाडे आणि बुडालेली मजुरी दोन्ही मोजावी लागतात, हे मला माहीत आहे. सुरुवात फोनवरून करता येते. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२. नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि दवाखाना रिकामा असेल अशी वेळ मागून घ्या. माझ्याकडे अशी वेळ दुपारी दोननंतर असते, आणि आता त्या वेळी खुर्ची आधीपासूनच टेबलाच्या अलीकडे ठेवलेली असते.